वर्णाचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बौद्ध वधू-वर मेळावा झाला. मंडपात बुद्ध, फुले, बाबासाहेब यांचे फोटो. त्रिसरण-पंचशील झालं. एका पुढाऱ्याने हुंड्याविरुद्ध भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या. मी फॉर्म भरून घ्यायच्या टेबलावर बसले होते. एक मुलगी आली. नर्सिंग झालेली, जिल्ह्याच्या गावी नोकरीला. नाव, गाव, शिक्षण, पगार, उंची सगळं तिनं भराभर लिहिलं आणि एका रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. रकाना होता 'वर्ण'.

'ताई, इथं काय लिहू? सावळा का गव्हाळ?'

मागं उभी असलेली तिची मावशी म्हणाली, 'गव्हाळ लिव्ह गं. सावळी म्हनलं की समोरचा काळीच समजतो. फॉर्म बाजूला पडंल.'

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, 'लिही गव्हाळ.'

फॉर्मला तिनं मोबाईलवरचा फोटो लावला होता. फोटोत ती चार हात उजळ, नाक बारीक, गाल गुळगुळीत. टेबलासमोरची मुलगी आणि फोटोतली मुलगी या लांबच्या बहिणी वाटाव्यात. तिला खोटारडी म्हणायची माझी छाती नाही. खोटं मी लिहायला सांगितलं. ते दोन शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, त्यांना कुणी तिथं आणून ठेवलं, हे शोधायचं म्हणून हे लिहिते आहे.

प्रथम शब्दच घेऊ. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ज्यांनी मनुस्मृती जाळली त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या लग्नाच्या फॉर्मवर हा शब्द ठळक टायपात बसला आहे. फॉर्म करणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. त्याने वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे'वरून नक्कल मारली. तिथं वर्षानुवर्षं एकच साचा आहे : गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस. वरच्या जातीच्या जाहिरातीतून आपण जात खोडली आणि बाकीचा साचा तसाच उचलला. जात साच्यातच राहिली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

'नाकीडोळी नीटस' हा शब्द आपण किती सहज वापरतो. नाकाची मोजणी आपल्या देशात एकदा सरकारी खर्चाने झालेली आहे. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने त्याच्या आधीच बंगालमध्ये माणसांची नाकं मोजली होती आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात असलेच नाकांचे आकडे समोर ठेवले आणि उलटवले. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापं पाहिली तर दोघांचा वंश वेगळा ठरत नाही. मग अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधण्यात अर्थ नाही. एवढं मोठं काम त्या माणसाने आपल्या नाकासाठी करून ठेवलं. आणि आज आपली पोरगी आरशासमोर उभी राहून बोटांनी नाक दाबून बघते, बारीक दिसतं का म्हणून.

इथं काही तरुण मित्र मुद्दा काढतात. म्हणतात, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीच बायकांना सांगितलं होतं की लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, गळ्या-हातातले ते जड दागिने टाका. मग आजच्या पोरीनं क्रीम लावलं तर काय बिघडलं? तेही वरच्यांसारखं दिसण्यासाठीच ना?

बिघडलं ते असं. लुगडं कुठवर नेसायचं आणि दागिने कोणत्या धातूचे घालायचे हे गावाने ठरवून दिलेलं होतं. लांबून ओळखू यावी म्हणून बाईच्या अंगावर लावलेली ती जातीची पाटी होती. बाबासाहेबांनी पाटी काढून फेकायला सांगितलं. पाटी काढली की खाली आपलं अंग उरतं, ताठ. क्रीमवाला सांगतो, तुझं अंगच पाटी आहे, ते काढ. ते निघत नाही. म्हणून दर महिन्याला नवी ट्यूब घ्यावी लागते. न निघणारी पाटी विकणं हा किती किफायतशीर धंदा आहे!

धंद्याची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आणलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. तिकडं काळ्यांनी आपल्या काळेपणाचा अभिमान मिरवायला सुरुवात केली होती आणि त्याची धग इथल्या झोपडपट्टीपर्यंत आली होती. आणि १९७५ साली इथल्या बाजारात 'फेअर अँड लव्हली' आली. एकाच दशकात आपल्या पोरांच्या हाती पँथरचा जाहीरनामा पडला आणि पोरींच्या हाती ट्यूब. जाहीरनाम्यात जमीन होती, भाकरी होती, नोकरी होती. घरात पोरीला 'काळी, काळी' म्हणून जे ऐकावं लागत होतं त्यावर कुणाचं कलम चाललं नाही.

जाहिरात मात्र त्यावरच बोलली. ही गोष्ट आपण कबूल केली पाहिजे. त्या जाहिरातींतली गोष्ट एकच असे : सावळी मुलगी, पडलेला चेहरा, मग ट्यूब, मग उजळ चेहरा, मग नवरा नाहीतर नोकरी. एका जाहिरातीत तर बाप हळहळतो की मुलगा असता तर कमावता झाला असता. मुलगी क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि बापाला हॉटेलात नेते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, आवाज उठवला आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घ्यावी लागली. २०१४ मध्ये जाहिरात धंद्याच्या स्वतःच्याच नियामक मंडळाने नियम केला की रंगावरून कुणाला कमी लेखू नये. मग जाहिरातीतली पोर रडायची थांबली. ट्यूब थांबली नाही.

पुढं २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. जगभर लोक रस्त्यावर आले. रंग उजळवणाऱ्या क्रीमवाल्यांनाही जाब विचारला गेला. महिन्याभरात कंपनीने नावातला 'फेअर' काढत असल्याचं जाहीर केलं आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. लग्न जमवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानेही त्याच सुमारास रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. पंचेचाळीस वर्षं आपल्या पोरी उशीत तोंड खुपसून रडल्या, त्याने हे झालं नव्हतं. सात समुद्रापलीकडं एका काळ्या माणसाला मरावं लागलं. आणि बदललं काय? नाव.

हा धागा तिकडं जातोच, तर थोडं तिकडं पाहू. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९४० च्या सुमारास लहान काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. छान कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी कोणती? बहुतेक मुलांनी गोरी बाहुली छान म्हटली, काळी वाईट म्हटली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडू लागली. तीन ते सात वर्षांची लेकरं! १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा या कामाचा आधार घेतला गेला. आपल्याकडं असा प्रयोग कोर्टापुढं गेला नाही. आपल्याकडं बालवाडीतच दादाकडे वहिनी मागायचं गाणं म्हणवून घेतात. त्यातली वहिनी कोणत्या रंगाची, ते सांगायला नकोच.

पुढं तिकडच्या मुलींवर पुष्कळ अभ्यास झाले. बरेच अभ्यास म्हणत की गोऱ्या मुलींना आपलं शरीर जितकं नकोसं वाटतं तितकं काळ्या मुलींना वाटत नाही. २००६ साली असे सुमारे शंभर अभ्यास एकत्र करून तपासले, तर हा फरक लहानच निघाला. मला यात दुसरंच दिसतं. या प्रश्नावल्यांची पट्टी बहुतेक जाड-बारीकाची. बारीक होण्याचा ध्यास गोऱ्या मुलीला जास्त लावलेला, म्हणून तिचं दुःख त्या पट्टीवर उमटतं. काळ्या मुलीला विचारायचं तर केसांबद्दल विचारा, रंगाबद्दल विचारा. कुरळे केस सरळ व्हावेत म्हणून तापलेल्या फण्या आणि डोकं भाजणारी रसायनं पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात आहेत. नैसर्गिक केसांवरून शाळेत, नोकरीत कुणाला अडवू नये असा कायदा कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली करावा लागला. दुसऱ्याच्या पट्टीने मोजलं की आपलं दुखणं शून्य भरतं. दलित बाईला हे वेगळं सांगायची गरज नाही.

फिजी बेटांवरची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. तिथं भरलेलं अंग म्हणजे चांगलं अंग. कुणी वाळलं तर घरचे काळजी करत, खाऊ घालत. १९९५ साली तिथल्या नड्रोगा भागात टेलिव्हिजन आला. अॅन बेकर या अभ्यासकबाईने त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, पुन्हा केली. खाण्यापिण्याबाबतची विकृत ओढाताण दाखवणाऱ्या मुली पहिल्या वेळी १२.७ टक्के होत्या, दुसऱ्या वेळी २९.२ टक्के. वजन उतरावं म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के निघाल्या. मुली मोजक्याच होत्या, साठ-पासष्ट. म्हणून या आकड्यांवर सारं जग तोलू नये. पण त्या पोरी काय बोलल्या ते ऐका. पडद्यावरच्या अमेरिकन बायांसारखं व्हायचंय, कारण तशा झालो तर नोकरी मिळेल, पुढं जाता येईल, असा अनेकींचा हिशेब होता.

नोकरी! म्हणजे फिजीची पोरगी काय, आपली हवाई सुंदरी काय, नखऱ्यासाठी हे करत नाहीत. पोट आणि प्रतिष्ठा यांचा दरवाजा एका विशिष्ट अंगाच्या मापाचा केलेला आहे आणि त्या दरवाजात मावायची धडपड करताहेत. 'पोरी नटव्या झाल्यात' म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे कधी समजून घेतलं आहे?

आता आपल्या मराठी पडद्याकडं येऊ. २०१९ ते २०२३ एक मालिका घरोघरी पाहिली गेली. नाव 'रंग माझा वेगळा'. नायिका काळी म्हणून तिचा छळ, सासूचं नावच सौंदर्या. आमच्या वस्तीतल्या बायांनी डोळे पुसत ती पाहिली आणि मीही पाहिली. पण काळी नायिका उभी करायला काळी नटी घेतली नाही. उजळ नटीच्या तोंडाला काळा रंग फासला. त्याच २०१९ साली 'बाला' या हिंदी चित्रपटातही हेच झालं. काळेपणाची कहाणी चालते, काळी बाई चालत नाही. तिच्या दुःखाचा पगारसुद्धा दुसरीच घेऊन जाते. आणि मी पाहिलेल्या भागांत तरी काळेपण हे निव्वळ काळेपण होतं. त्याला जात नव्हती. मराठी घरात 'काळी' म्हणताना जीभ जातीवरून घसरत नाही, असं ज्याला वाटतं त्याने काळा ब्राह्मण आणि गोरा महार यांच्यापासून जपून राहायला सांगणाऱ्या म्हणी आठवाव्यात. रंग आणि जात यांची सांगड बसत नाही, हे त्या म्हणी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच जो सांगडीत बसत नाही त्याचा संशय. आपल्यातल्या उजळ पोरीला कॉलेजात ऐकवतात, 'तू त्यातली वाटत नाहीस हं!' आणि ती बिचारी हसते. ते कौतुक नाही, पोरी, ती चौकशी आहे.

याच पडद्यावर २०१६ साली 'सैराट' आला हे विसरू नये. नागराज मंजुळेने पाटलाची पोर रिंकू राजगुरूच्या रूपात आणली. ना क्रीमच्या जाहिरातीतली, ना सडपातळपणाच्या साच्यातली. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि सबंध महाराष्ट्र तिच्यावर फिदा झाला. लोकांना गोरंच लागतं, ही सबब त्या एका पोरीने मोडून काढली. रिंकू चालली ती कॅमेऱ्यामागचा माणूस बदलला म्हणून. पण मालिकावाले त्यानंतर तीन वर्षांनीही काळ्या रंगाचा डबाच उघडत होते.

आणि आता कॅमेरा पोरीच्याच हातात आला आहे. आपल्याला वाटलं, सुटली. पण मोबाईलमध्ये साचा आधीच भरून ठेवलेला. २०१७ साली फेसअॅप नावाच्या अॅपमध्ये चेहरा आकर्षक करायची सोय होती. ती माणसाला गोरं करते असं लोकांनी दाखवून दिलं, तेव्हा कंपनीने माफी मागितली. २०२१ साली इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते जास्तच वाईट वाटतं. कंपनीला हे माहीत होतं. पूर्वी बघायला येणारे कांदेपोह्यापुरते येत, तासाभराने जात. आता बघणारे पोरीच्या उशाशी झोपतात.

ज्यांच्याकडं चांगला डॉक्टर नाही त्यांचं आणखी वेगळं. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम पोरी गोरं व्हायला तोंडाला चोळतात. महिनाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात गेलं की आग होते, पुटकुळ्या येतात, केस येतात. सोडलं तर जास्तच पेटतं, म्हणून पुन्हा तेच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर आहे. आमच्या वस्तीतली एक पोर दोन वर्षं तोंडाला ओढणी बांधून हिंडते आहे.

आता स्वतःच्या अंगणात. आपल्या कवितेत आई आहे, काबाडकष्टाने काळवंडलेली. भोगली गेलेली बाई आहे. काळी माती आहे, काळी रात्र आहे. हे सगळं खरं आहे आणि लिहिलं जाणं गरजेचं होतं. पण आरशासमोर उभी असलेली आपली अठरा वर्षांची पोरगी कुठाय? तिच्या दुखण्याला आपण किरकोळ ठरवलं. खैरलांजीपुढं नाकाची लांबी कशाला, असं आपण म्हणतो. ज्या अंगावर गावाने सत्ता चालवली त्याच अंगाचा तिरस्कार पोरीच्या मनात पेरला जातो, तेव्हा मारणाऱ्याचं निम्मं काम होऊन गेलेलं असतं. आणि क्रांतीच्या गप्पा मारणारा आपला शिकलेला कवी मुलगी बघायला जातो तेव्हा मित्राच्या कानात काय पुटपुटतो, ते आम्ही चहाचा ट्रे घेऊन उभ्या असताना ऐकलेलं आहे.

उपाय म्हणून कुणी 'काळं तेच सुंदर' असा फलक लावू पाहील. लावावा. त्या घोषणेने कितीतरी जणींची मान वर झाली. पण तिचं पुढं काय झालं तेही बघा. अँजेला डेव्हिस ही तुरुंग सोसलेली लढाऊ बाई. तिने १९९४ साली एका लेखात खंत मांडली की लोक मला माझ्या राजकारणासाठी नाही, केसांच्या ठेवणीसाठी लक्षात ठेवतात. बंड विकायला निघतं तेव्हा असं होतं. उद्या सावळ्या रंगाचंही क्रीम येईल. म्हणून मला 'सगळ्याच सुंदर' हे प्रशस्तिपत्रक नको. लग्नाला, नोकरीला, माणूस म्हणून उभं राहायला सुंदर असायची अट का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मेळाव्यानंतर समितीची बैठक झाली. मी म्हणाले, तो रकाना काढा. एक ज्येष्ठ काका म्हणाले, 'काढू गं ताई. पण मुलाकडचे फोन करून विचारतात, रंग कसा? त्यांना काय सांगू?' मी म्हणाले, 'सांगा, बाबासाहेबांनी हे मोजणं बंद केलंय.' लोक हसले. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

त्या नर्स मुलीचं अजून जमलेलं नाही. एक स्थळ आलं होतं. मुलाने प्रत्यक्ष पाहिल्यावर म्हटलं, फॉर्मवर गव्हाळ होतं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मित्रांनो, हा अंक ज्या सायक्लोस्टाईल यंत्रावर निघतो त्याच यंत्रावर आमच्या मेळाव्याचे फॉर्म निघतात. तुमच्याकडंही असंच काहीतरी असेल. पुढच्या खेपेला स्टेन्सिल कापायला बसाल तेव्हा शिक्षणानंतर, उंचीच्या खाली हात थांबवा. तो रकाना कापू नका. बैठकीची वाट बघू नका.

जयभीम.